आराखडा वीस वर्षांचा, पर्यावरणाचा हिशेब मात्र इमारतीपुरता

विशेष प्रतिनिधी, मुंबई

मुंबईत वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक क्षेत्रफळाचे बांधकाम करायचे असेल, तर विकासकाला पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी घ्यावी लागते. सांडपाणी कोठे जाणार, कचऱ्याचे काय होणार, किती झाडे तोडली जाणार, याची माहिती त्याला सादर करावी लागते. अशा हजारो इमारती कोठे उभ्या राहतील, त्या किती उंच असतील आणि मोकळी जमीन किती उरेल, हे ठरविणाऱ्या शहराच्या विकास आराखड्याला मात्र अशा कोणत्याही मंजुरीची गरज नाही. एका इमारतीचे परीक्षण होते. शहराचे होत नाही. नियोजनाच्या कायद्यातील ही उणीव जुनीच आहे. तिची किंमत मात्र दर पावसाळ्यात आणि प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या वादात शहराला मोजावी लागते.

आराखडा काय ठरवितो?

महाराष्ट्रात शहरांचे नियोजन महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार होते. या कायद्यानुसार महापालिकेने आधी आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करायचा, मग जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा बनवायचा, त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवायच्या, नियोजन समितीपुढे सुनावणी घ्यायची आणि अखेरीस राज्य शासनाची मंजुरी मिळवायची, असा क्रम आहे. साधारण वीस वर्षांतून एकदा आराखड्याची सुधारणा व्हावी, अशी तरतूद आहे.

मुंबईचा पहिला आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला. दुसऱ्या आराखड्याची मुदत १९८१ ते २००१ अशी होती. प्रत्यक्षात तो १९९१ ते १९९४ या काळात टप्प्याटप्प्याने मंजूर झाला. तिसरा, म्हणजे २०३४ पर्यंतचा आराखडा राज्य शासनाने मे २०१८ मध्ये मंजूर केला आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला.

या आराखड्याचा प्रवास खडतर होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. रेल्वे स्थानकांच्या परिसरात आठपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक देण्याचा आणि आरे वसाहतीची जमीन विकासासाठी खुली करण्याचा प्रस्ताव त्यात होता. त्यावर सुमारे ६५ हजार हरकती व सूचना आल्या. नकाशातील असंख्य चुकाही उघड झाल्या. अखेर एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा नव्याने तयार करण्याचे आदेश दिले. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा लाख परवडणारी घरे आणि ८० लाख रोजगार ही मंजूर आराखड्याची घोषित उद्दिष्टे होती. घरांसाठी पूर्वीच्या ना विकास क्षेत्रातील जमिनीचा वापर करण्याची वाट मोकळी करण्यात आली.

ही उद्दिष्टे योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. मात्र इतक्या घरांसाठी पाणी किती लागेल, पर्जन्यजल वाहिन्यांवर किती भार येईल, कचरा किती वाढेल आणि हीच घरे अन्य ठिकाणी बांधल्यास परिणाम कमी होतील काय, या प्रश्नांची एकत्रित, लेखी आणि तपासता येण्याजोगी उत्तरे देण्याचे बंधन कायद्याने महापालिकेवर घातलेले नाही. आराखड्यात पूरनियंत्रण आणि नदी प्रदूषणास प्रतिबंध यांसंबंधी प्रस्ताव असू शकतात, असे १९६६ चा कायदा म्हणतो. पर्यायांची तुलना करा, असे तो कोठेही सांगत नाही.

कायद्याची नजर भूखंडावर

देशात पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची पहिली अधिसूचना जानेवारी १९९४ मध्ये निघाली. तिची जागा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. या दोन्ही अधिसूचनांचा विषय 'प्रकल्प' हाच राहिला. २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना, तसेच दीड लाख चौरस मीटर किंवा ५० हेक्टरहून मोठ्या वसाहतींना राज्यस्तरीय प्राधिकरणाची पूर्वमंजुरी आवश्यक ठरली. मात्र या बांधकामांना जनसुनावणीतून वगळण्यात आले. रेल्वे आणि मेट्रो मार्ग तर अधिसूचनेच्या यादीतच नव्हते.

परिणामी दोन फटी राहिल्या. पहिली फट आकाराची. १९ हजार चौरस मीटरच्या इमारतीला ही मंजुरी लागत नाही. एकाच रस्त्यावर अशा दहा इमारती वेगवेगळ्या विकासकांनी उभारल्या, तरी लागत नाही. त्या दहा इमारतींचे सांडपाणी एकाच वाहिनीत जाते आणि त्यांच्या मोटारी एकाच चौकात येतात. पण कागदोपत्री प्रत्येक इमारत स्वतंत्र असते.

दुसरी फट वेळेची. प्रकल्पाचे मूल्यांकन होते, तेव्हा जागा ठरलेली असते, जमिनीचा वापर ठरलेला असतो, चटई क्षेत्र ठरलेले असते आणि बहुधा पैसाही गुंतलेला असतो. अशा वेळी 'हे येथे हवे काय?' हा प्रश्न विचारण्यास अर्थ उरत नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधा, पावसाचे पाणी जिरवा, झाडे लावा, अशा अटी घालण्यापलीकडे मूल्यांकन करणाऱ्या समितीच्या हाती फारसे काही राहत नाही.

प्रश्न बेरजेचा

बेरीज न केल्यास काय घडते, हे पावसाच्या साध्या हिशेबावरून समजू शकते. शंभर हेक्टर जमिनीवर तासाभरात ५० मिलीमीटर पाऊस पडला, तर तेथे पाच कोटी लिटर पाणी जमा होते. दहा हजार लिटरच्या पाच हजार टँकरमध्ये मावेल इतके हे पाणी आहे. जमीन मोकळी असेल तर त्यातील काही भाग मुरतो आणि काही सखल भागात साचून सावकाश वाहून जातो. तीच जमीन सिमेंट-डांबराखाली गेली, की जवळजवळ सर्व पाणी काही मिनिटांत नाल्याकडे धावते. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी नाल्याच्या मुखाशी उभे असेल, तर ते मागे फिरून वस्तीत शिरते. मिठागरे, खाजण आणि तिवरांची जंगले हे पाणी काही काळ सामावून घेतात. 'रिकामी जमीन' म्हणून नकाशावर दिसणाऱ्या या जागा प्रत्यक्षात काम करीत असतात.

मुंबईतील जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी २५ मिलीमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ही क्षमता ५० मिलीमीटरपर्यंत वाढवावी, अशी शिफारस 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने १९९३ मध्येच केली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलीमीटर पावसाची नोंद झाली आणि शहर पाण्याखाली गेले. त्यानंतर नेमलेल्या माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मिठी नदी, नाले आणि त्यांच्या काठच्या जमिनींचा प्रश्न ठळकपणे मांडला. तरीही आराखड्यातील प्रत्येक वाढीव चटई क्षेत्रामागे नाल्यात किती पाणी वाढेल, हे सांगण्याची सक्ती कायद्यात आली नाही.

कचऱ्याची गोष्टही तशीच. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तेथे मोठी आग लागली आणि धुराने पूर्व उपनगरे काळवंडली. त्याच वर्षी २९ फेब्रुवारी रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, घनकचऱ्याच्या नियमांचे पालन होत नसल्याचे नमूद करून, शहरात नव्या इमारतींना परवानगी देण्यास मनाई केली. पुनर्विकासाचे प्रकल्प तेवढे त्यातून वगळण्यात आले. ही मनाई मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अटींवर स्थगित केली. कचरा टाकायला जागा नसताना किती घरांना परवानगी द्यायची, हा खरे तर आराखड्याच्या टेबलावर सुटायचा प्रश्न होता. तो तेथे विचारला गेला नाही म्हणून न्यायालयात पोहोचला आणि दोन वर्षे शहरातील नव्या बांधकामांना त्याचा फटका बसला.

आराखड्याचा परिणाम महापालिकेच्या हद्दीतही थांबत नाही. मुंबईला सात तलावांतून पाणी मिळते. त्यांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहरात आहेत. तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा हे जलाशय ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांत आहेत. ज्या शहापूर तालुक्यातून राजधानीला पाणी जाते, त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईच्या प्रारूप आराखड्यावर हरकत घेण्याची सूचना या पाड्यांपर्यंत पोहोचत नाही, कारण नकाशात ते नसतात.

वाद होतात, पण उशिरा

आरेतील मेट्रो कारशेडचा वाद हे उशिरा झालेल्या चर्चेचे ठळक उदाहरण आहे. आरे वसाहत विकासासाठी खुली करण्याचा प्रस्ताव लोकांच्या विरोधामुळे मागे पडला. मात्र मेट्रो-३ च्या कारशेडसाठी सुमारे ३३ हेक्टर जमिनीचा वापर बदलण्यात आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर रोजी ती थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पुढे २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गच्या मिठागराच्या जमिनीवर नेण्याचा निर्णय झाला, त्याला उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली आणि २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेत आली. आरे की कांजूरमार्ग, ही तुलना मार्ग आखण्यापूर्वी जाहीरपणे झाली असती, तर झाडे, पैसा आणि काही वर्षे यांपैकी बरेच काही वाचविता आले असते.

सागरी किनारा रस्त्याबाबतही जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेखालील मंजुरी आवश्यक असल्याचे सांगून आधीची किनारपट्टी परवानगी रद्द केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. तोपर्यंत समुद्रात भराव पडलेला होता.

शिवाय मंजूर झालेला आराखडाही स्थिर राहत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावी पुनर्विकासातील भाडेतत्त्वावरील घरांसाठी मुलुंड, भांडुप व कांजूरमार्ग परिसरातील सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन देण्यास मंजुरी दिली. घरांची निकड खरी आहे. मिठागरांचे काम काय, हेही खरे आहे. या दोन्ही बाबी एकाच तराजूत तोलणारी यंत्रणा मात्र नाही.

परीक्षण म्हणजे नेमके काय?

जगातील अनेक देशांत आराखड्याच्या पातळीवरील पर्यावरण परीक्षण कायद्याने होते. 'धोरणात्मक पर्यावरण मूल्यांकन' या नावाने ते ओळखले जाते. युरोपीय संघाने २००१ मध्ये त्यासंबंधी निर्देश काढला आणि जुलै २००४ पर्यंत सदस्य देशांनी तो आपापल्या कायद्यात आणावा, असे ठरविले. नगररचना आणि जमीनवापराचे आराखडे त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहेत.

या परीक्षणाचे पाच टप्पे ढोबळमानाने सांगता येतात. शहराची आजची स्थिती नोंदविणे हा पहिला. कोणते परिणाम तपासायचे, हे लोकांना विचारून ठरविणे हा दुसरा. किमान दोन-तीन खरे पर्याय मांडून त्यांची तुलना करणे हा तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा. निवडलेल्या पर्यायाची हानी कमी करण्याचे उपाय ठरविणे हा चौथा. आराखडा अमलात आल्यावर अंदाज खरे ठरतात काय, हे पाहत राहणे हा पाचवा.

अमेरिकेतील सिएटल शहराचे उदाहरण बोलके आहे. तेथे पुढील वीस वर्षांच्या आराखड्यासाठी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षण अहवालात पाच पर्याय होते. सध्याचेच धोरण चालू ठेवल्यास ८० हजार घरे, तर सर्वांत व्यापक पर्यायात एक लाख २० हजार घरे. वाढ काही केंद्रांत एकवटायची, सर्व वस्त्यांत पसरवायची की वाहतुकीच्या मार्गालगत ठेवायची, या प्रत्येक पर्यायाचे झाडे, वाहतूक, हवा आणि विस्थापन यांवरील परिणाम शेजारी शेजारी ठेवण्यात आले. 'काहीच न करणे' यालाही पर्याय मानून त्याचीही किंमत सांगण्यात आली, हे विशेष.

दुसरी बाजूही आहे

मात्र परीक्षण हे सर्व दुखण्यांवरचे औषध नाही. घरांना विरोध करणाऱ्यांच्या हातात ते शस्त्रही ठरू शकते. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराने डिसेंबर २०१८ मध्ये २०४० पर्यंतचा आराखडा मंजूर केला. केवळ एककुटुंबी घरांसाठी राखीव असलेल्या वस्त्यांत तीन घरांपर्यंत बांधकामास त्यात परवानगी देण्यात आली. या आराखड्याचे पर्यावरण परीक्षण झाले नाही, असे म्हणत पक्षीप्रेमी व नागरिकांच्या संघटनांनी राज्याच्या १९७१ च्या पर्यावरण हक्क कायद्याखाली दावा लावला. असा दावा चालू शकतो, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. पुढे जिल्हा न्यायालयाने आराखड्याच्या अंमलबजावणीस मनाई केली. मे २०२४ मध्ये अपिलीय न्यायालयाने ती मनाई उठविली आणि त्याच महिन्यात राज्य विधिमंडळाने शहरांच्या अशा आराखड्यांना या प्रकारच्या दाव्यांतून वगळणारा कायदा केला.

दाट वस्तीची शहरे पसरट शहरांपेक्षा कमी जमीन आणि कमी इंधन वापरतात, हा आराखड्याच्या समर्थकांचा युक्तिवाद होता. शहरात घरे नाकारली तर ती शहराबाहेरच्या शेतात उभी राहतात आणि त्याचाही पर्यावरणावर परिणाम होतो. मुंबईला हा मुद्दा अधिकच लागू पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या एक कोटी २४ लाख होती आणि त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. त्यांना घर मिळण्यास आणखी दहा वर्षांचा विलंब लावणारे परीक्षण कोणालाही परवडणारे नाही. त्यामुळे परीक्षणाला निश्चित मुदत हवी आणि 'बांधू नका' इतकेच सांगून त्याला थांबता येऊ नये. घरे कमी करायची तर ती कोठे वाढवायची, हेही त्याने सांगितले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाचे आवाहन

भारतात या विषयाला १० जानेवारी २०२३ रोजी वेगळे वळण मिळाले. चंडीगडच्या जुन्या निवासी सेक्टरमधील स्वतंत्र बंगल्यांचे मजल्यागणिक सदनिकांत रूपांतर करण्याच्या वादात न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने निकाल दिला. ल कार्बुझिए यांनी आखलेल्या शहराच्या स्वरूपाचे रक्षण करण्याबरोबरच, नागरी विकासाला परवानगी देण्यापूर्वी पर्यावरण परिणाम मूल्यांकन होईल, अशी तरतूद करावी, असे आवाहन न्यायालयाने केंद्र व राज्यांतील विधिमंडळांना आणि धोरणकर्त्यांना केले. बेशिस्त वाढीचा फटका बसलेल्या बंगळूरूचा दाखलाही निकालात आहे. मात्र आवाहन म्हणजे कायदा नव्हे.

कायदा बदलेपर्यंत

राज्यात काही पाया तयार आहे. महापालिकांनी दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवणे अपेक्षित असते. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध झाला. २०५० पर्यंत शून्य निव्वळ उत्सर्जनाचे उद्दिष्ट त्यात आहे. पूरप्रवण आणि उष्णतेची झळ बसणाऱ्या वस्त्यांचा अभ्यासही झालेला आहे. पण सद्यस्थिती अहवाल मागील वर्षाकडे पाहतो आणि वातावरण आराखडा जमिनीचा वापर ठरवीत नाही. चटई क्षेत्र ठरविणारी फाईल आणि पुराचा नकाशा असलेली फाईल एकत्र येत नाहीत, हे खरे दुखणे आहे. पुण्यात समाविष्ट गावांतील टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्रात जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवण्याचा विषय वर्षानुवर्षे रेंगाळला. टेकड्यांचे मोल आणि जमीनमालकांची भरपाई यांचा हिशेब सुरुवातीलाच न झाल्याने तो प्रत्येक टप्प्यावर नव्याने उपस्थित होत राहिला.

१९६६ च्या कायद्यात दुरुस्ती करून प्रारूप आराखड्यासोबत परीक्षण अहवाल प्रसिद्ध करणे सक्तीचे करता येईल. दुरुस्तीची वाट न पाहताही महापालिका विद्यमान जमीनवापराच्या नकाशावर नाले, भरतीरेषा, तिवरे व पूरक्षेत्रे दाखवू शकते, एकाऐवजी तीन पर्याय लोकांपुढे ठेवू शकते आणि प्रत्येक पर्यायाला लागणारे पाणी व निर्माण होणारा कचरा जाहीर करू शकते. यात कायद्याचा कोणताही अडसर नाही.

मुंबईच्या आराखड्याची मुदत २०३४ मध्ये संपेल. मागील आराखड्यांचा अनुभव पाहता नव्या आराखड्याची तयारी त्याआधी बरीच वर्षे सुरू व्हावी लागेल आणि त्या तयारीतील पहिले पाऊल जमीनवापराचा नकाशा हेच असेल. २०१५ मध्ये ६५ हजार हरकती आल्या त्या नकाशे छापून झाल्यावर. पुढच्या वेळी नागरिकांना हरकती घेण्यापूर्वी निवड करण्याची संधी मिळते की नाही, यावर या शहरातील पुढील पिढीच्या घरांत पावसाळ्यात पाणी शिरणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरणार आहे.